व्हॅनिलाला शेंगा देणारा हात

चांगल्या प्रतीच्या व्हॅनिला आईस्क्रीममध्ये कधी कधी खसखशीहूनही बारीक काळे ठिपके दिसतात. ती घाण नसते, आणि करपलेल्या दुधाचे कणही नसतात. त्या एका ऑर्किडच्या बिया असतात. ऑर्किड म्हटले की आपल्याला फुलवाल्याकडचे, आठवडाभर टिकणारे महागडे जांभळे फूल आठवते. ऑर्किडच्या पंचवीस हजारांहून अधिक जाती आहेत. त्यांपैकी खाण्याच्या पदार्थांसाठी जगभर मोठ्या प्रमाणावर लावली जाणारी जात जवळपास एकच, ती म्हणजे व्हॅनिला.

या वेलीची एक मोठी अडचण आहे. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या मूळ जंगलाबाहेर ती उत्तम वाढते, फुलतेही, पण आपणहून शेंग क्वचितच धरते. त्यामुळे जगातल्या बहुतेक सगळ्या मळ्यांत व्हॅनिलाचे एकेक फूल माणसाला हाताने फळवावे लागते. ते कसे करायचे हे मळेवाल्यांना एका बारा वर्षांच्या मुलाने दाखवले. तो कधी शाळेत गेला नव्हता, त्याला आडनाव नव्हते आणि कायद्याच्या नजरेत तो दुसऱ्याच्या मालकीची वस्तू होता. त्याचे नाव एदमों. पुढे तो एदमों अल्बियस या नावाने ओळखला जाऊ लागला.

आईविना वाढलेला मुलगा

हिंदी महासागरात मादागास्करच्या पूर्वेला रियुनियन नावाचे बेट आहे. मराठी भाषकांची जुनी वस्ती असलेल्या मॉरिशसपासून ते नैर्ऋत्येला साधारण दोनशे किलोमीटरवर येते. हे बेट आजही फ्रान्सचा भाग आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याला बूर्बों म्हणत. मधोमध ज्वालामुखीचे डोंगर, उतारांवर दाट जंगल, किनाऱ्यालगत उसाचे आणि कॉफीचे मळे, असे त्याचे रूप होते. मळ्यांत गुलाम राबत. काही जण आफ्रिकेतून आणि मादागास्करमधून आणलेले, तर काही बेटावरच गुलाम आईबापांच्या पोटी जन्मलेले.

१८२९ मध्ये बेटाच्या ईशान्येकडील सेंत सुझान या गावात एदमोंचा जन्म झाला. आई मेलीझ बाळंतपणातच गेली. वडिलांचा आधार त्याला मिळाला नाही. मालकिणीने हे पोर आपल्या भावाच्या, फेरेओल बेलिए-बोमोंच्या हवाली केले. घरातले एखादे भांडे बहिणीने भावाला द्यावे तितक्या सहज हा व्यवहार झाला, कारण त्या काळच्या कायद्याप्रमाणे त्यात वावगे काही नव्हते.

फेरेओलला झाडांचे वेड होते. देशोदेशीची रोपे आणून तो आपल्या बागेत लावी आणि त्यांच्या नोंदी ठेवी. लहानगा एदमों दिवसभर त्याच्या मागे मागे फिरू लागला. मालकालाही या हुशार पोराचा लळा लागला. कोणते झाड कोणत्या कुळातले, त्याचे शास्त्रीय नाव काय, फुलाचा कोणता भाग कशासाठी असतो, हे एदमों ऐकत ऐकत शिकला. लिहिणे-वाचणे मात्र त्याला कोणी शिकवले नाही. ज्या मुलाला वनस्पतींची लॅटिन नावे तोंडपाठ होती, त्याला स्वतःचे नाव लिहिता येत नव्हते.

त्या बागेतला एक धडा पुढे फार महत्त्वाचा ठरला. कलिंगड-भोपळ्याच्या कुळातल्या एका वेलीचे नर फूल तोडून ते मादी फुलाला कसे लावायचे, म्हणजे फळ हमखास धरते, हे फेरेओलने त्याला दाखवले होते. आपल्याकडेही परसात दुधी-भोपळा लावणारी माणसे फळ गळू लागले की हेच करतात. फूल हे फळाचे आधीचे रूप आहे, आणि परागकण योग्य जागी पोहोचला नाही तर फळ होत नाही, एवढी साधी गोष्ट या धड्यातून मुलाच्या मनात पक्की बसली.

फुलणारी पण न फळणारी वेल

व्हॅनिलाचा इतिहास त्याहून बराच जुना. मेक्सिकोच्या आखाती किनाऱ्यावरचे टोटोनाक लोक ती फार पूर्वीपासून वापरत. पुढे अॅझ्टेक लोक कोकोच्या पेयात ती घालू लागले. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी ती युरोपात नेली. शेंगेचे चिमुकले रूप पाहून त्यांनी तिला छोटी शेंग अशा अर्थाचे नाव दिले, तेच आजचे व्हॅनिला. युरोपातल्या श्रीमंतांना तिची चटक लागली. पण पुढची सुमारे तीन शतके जवळजवळ सगळी व्हॅनिला मेक्सिकोतूनच येत राहिली. वेलीचे तुकडे जहाजांतून जगभर गेले, काचघरांत रुजले, फुललेही. शेंगा मात्र लागेनात.

याचे कारण फुलाच्या रचनेत आहे. व्हॅनिलाच्या फुलात नर आणि मादी हे दोन्ही भाग एकाच छोट्या दांड्यावर, एकमेकांपासून अगदी थोड्या अंतरावर असतात. परागकण भुकटीसारखे मोकळे नसतात. त्यांचा एक चिकट पुंज बनलेला असतो, त्यामुळे वारा त्यांना उडवून नेऊ शकत नाही. शिवाय परागपुंज आणि परागकण स्वीकारणारी कुक्षी यांच्या मध्ये जिभेसारखा एक नाजूक पडदा असतो. हा पडदा फुलाला स्वतःच्याच परागकणांपासून दूर ठेवतो. निसर्गाच्या हिशेबाने हे शहाणपणाचे आहे, कारण दुसऱ्या वेलीचे परागकण आले तर संतती अधिक सुदृढ होते. मेक्सिकोच्या जंगलातल्या काही मधमाश्या हे काम करतात, पण तिथेही शंभरातल्या एखाद्याच फुलाला शेंग लागते. त्या माश्या जहाजातून आल्या नव्हत्या. त्यात हे फूल पहाटे उमलते आणि दुपारपर्यंत कोमेजते. वेळ मिळतो तो काही तासांचा.

१८१९ ते १८२२ या काळात व्हॅनिलाच्या वेली वेगवेगळ्या मार्गांनी बूर्बों बेटावर आणल्या गेल्या. बेटाची दमट, उबदार हवा त्यांना मानवली. काही मळेवाल्यांना वाटले, आता आपले नशीब उघडले. पण वर्षामागून वर्षे गेली, वेली झाडांवर चढल्या, फिकट हिरवी-पिवळी फुले आली आणि गळून पडली. बहुतेकांनी नाद सोडला. फेरेओलच्या बागेत अशीच एक वेल जवळपास वीस वर्षे तग धरून होती.

१८३६ मध्ये बेल्जियममधल्या लिएज इथे शार्ल मोरेन या वनस्पतिशास्त्रज्ञाने काचघरातल्या व्हॅनिलाला हाताने परागीभवन करून शेंगा आणल्या होत्या. त्यानंतर लवकरच पॅरिसमध्येही तसे यश मिळाले. म्हणजे हाताने व्हॅनिला फळवणारा एदमों जगातला पहिला माणूस नव्हता. पण युरोपातल्या त्या प्रयोगांचा मळेवाल्यांना उपयोग झाला नाही. शेकडो फुलांवर, उन्हातान्हात, कमी वेळात चालेल अशी सोपी रीत त्यांतून हाती आली नव्हती. आणि लिएजमध्ये काय घडले हे सेंत सुझानच्या एका निरक्षर मुलाला कळण्याचा काहीच मार्ग नव्हता.

दोन शेंगा

१८४१ मध्ये एके दिवशी फेरेओल नेहमीप्रमाणे एदमोंला सोबत घेऊन बागेत फिरत होता. त्या जुन्या वेलीपाशी येताच तो थबकला. वेलीला हिरव्यागार शेंगा लटकत होत्या, एक सोडून दोन. वीस वर्षांत असे घडले नव्हते. त्याने आश्चर्याने त्या मुलाला दाखवल्या, तेव्हा एदमोंने शांतपणे सांगितले की फुले आपण फळवली आहेत. मालकाचा विश्वास बसला नाही. मुलाला आपण जवळ केले, कदाचित त्यामुळे तो बढाई मारत असेल, असे त्याला वाटले. काही दिवसांनी आणखी एक शेंग दिसली. तेव्हा फेरेओलने त्याला ते करून दाखवायला सांगितले.

एदमोंने ताजे उमललेले फूल हलक्या हाताने धरले. पुढची नळीसारखी पाकळी बाजूला सारली. बारीक काडीच्या टोकाने मधला पडदा वर उचलून मागे वळवला. मग अंगठ्याने परागपुंज हळूच खाली दाबून कुक्षीला चिकटवला. काम संपले. सुईत दोरा ओवायला लागतो तेवढाच वेळ त्याला लागला.

ही रीत त्याने कशी शोधली हे समजून घेण्यासारखे आहे. कलिंगडाच्या वेलीत नर आणि मादी फुले वेगवेगळी असतात, तिथे दोघांना एकत्र आणले की झाले. व्हॅनिलाचे फूल उलगडून पाहिल्यावर त्याला दिसले की इथे दोन्ही एकाच घरात आहेत, मध्ये फक्त पडदा आहे. पडदा दूर केला तर काम व्हायला हवे. निरीक्षण, तर्क, आणि मग तो तर्क हाताने तपासून पाहणे, यालाच विज्ञान म्हणतात. त्यासाठी लागणारी साधने म्हणजे एक काडी आणि एक अंगठा. फ्रेंचमध्ये या कृतीला आजही एदमोंची क्रिया असे म्हटले जाते.

फेरेओलने ही गोष्ट लपवून ठेवली नाही. त्याने आसपासच्या मळेवाल्यांना कळवले. एदमोंला मळ्यामळ्यांत पाठवण्यात आले आणि त्याने तिथल्या गुलामांना ही रीत शिकवली. पुस्तकातून नव्हे, हातातून हातात हे ज्ञान बेटभर पसरले. शस्त्रक्रियेतला एखादा टाका जसा शिकवणाऱ्याच्या शेजारी उभे राहूनच नीट कळतो, तसेच हे होते. काडी किती जोराने लावायची, पडदा फाटू न देता कसा वळवायचा, अंगठा किती दाबायचा, हे शब्दांत सांगून समजत नाही.

वेलीपासून सुगंधापर्यंत

शेंग धरवण्याचे कोडे सुटल्यावर मळेवाल्यांनी वेल नीट वाढवण्याकडे लक्ष दिले. त्या काळी बेटावर बसलेली घडी थोड्याफार फरकाने आजही सगळीकडे चालते. व्हॅनिला बियांपासून लावत नाहीत. तिची बी धुळीसारखी बारीक असते, तिच्यात अन्नाचा साठा नसतो आणि रुजायला एका बुरशीची साथ लागते. म्हणून साधारण मीटरभर लांबीचा वेलीचा तुकडा घेतात. कापलेले टोक काही दिवस सावलीत सुकू देतात, म्हणजे ते कुजत नाही. मग आधाराच्या झाडाच्या बुंध्याशी, पालापाचोळ्याच्या थरात तो तुकडा लावतात. भारतात यासाठी गिरिपुष्पाची झाडे वापरतात. झाड फार गर्द नको आणि फार विरळही नको. ऊन-सावली निम्मी निम्मी असावी. मुळे वरवरची असतात, म्हणून ओलावा हवा, पण पाणी साचून चालत नाही. पाणी साचले की बुरशीने मूळ कुजते, आणि या पिकाचा सर्वांत मोठा शत्रू हीच मूळकूज आहे. सगळ्या वेली एकमेकींच्याच तुकड्यांपासून झालेल्या असल्याने एकीला जो रोग बाधतो तो सगळ्यांना बाधतो.

वेल उंच चढू दिली तर फुलांपर्यंत हात पोहोचत नाही. म्हणून ती फांदीवरून पुन्हा खाली वळवून माणसाच्या खांद्याच्या उंचीवर ठेवतात. असे वळवल्याने फुलेही चांगली येतात. फुलण्याआधी काही आठवडे कोरडे गेले तर तेही मदतीचे ठरते. पहिली फुले यायला साधारण तीन वर्षे लागतात. एका घोसात पंधरा-वीस कळ्या असतात आणि रोज एखाद-दुसरीच उमलते. त्यामुळे हंगामात दररोज सकाळी प्रत्येक वेलीपाशी जावे लागते. सराईत हात एका सकाळी हजारभर फुले फळवतो. सगळीच फुले फळवली तर वेल थकते, म्हणून एका घोसात आठ-दहा शेंगाच धरू देतात. परागीभवन साधले तर फूल सुकूनही देठाला चिकटून राहते, फसले तर एक-दोन दिवसांत गळून पडते. शेंगेची लांबी दीड-दोन महिन्यांत पूर्ण होते, पण ती पक्व व्हायला आठ-नऊ महिने लागतात.

एवढे करूनही हिरव्या शेंगेला वास नसतो. व्हॅनिलाला तिचा सुगंध देणारे व्हॅनिलिन हे द्रव्य शेंगेत साखरेच्या रेणूशी बांधलेले असते. ते मोकळे करायला शेंगेतलीच विकरे लागतात, आणि पेशी फुटल्याशिवाय ती विकरे कामाला लागत नाहीत. ही अडचणही रियुनियन बेटावरच सुटली. १८५१ च्या सुमारास एर्नेस्त लूपी या मळेवाल्याने शेंगा गरम पाण्यात बुडवण्याची रीत काढली आणि दाविद द फ्लोरिस याने ती सुधारली. आज साधारण ६५ अंश सेल्सियसच्या पाण्यात शेंगा सुमारे तीन मिनिटे बुडवतात. मग त्या घोंगडीत गुंडाळून घाम येऊ देतात. पुढे अनेक दिवस थोडा वेळ उन्हात, मग काही आठवडे सावलीत सुकवतात, आणि शेवटी बंद पेटीत काही महिने मुरवतात. पाच-सहा किलो हिरव्या शेंगांपासून किलोभर काळ्या, तेलकट, सुवासिक शेंगा मिळतात.

या कामात हातांना त्रासही होतो. वेल कापताना निघणारा चीक त्वचेला लागला की खाज सुटते, पुरळ येते. त्या चिकात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. कच्च्या अळूने घसा खवखवतो त्यामागेही हेच स्फटिक असतात. शेंगा निवडणाऱ्या कामगारांना होणाऱ्या त्वचेच्या त्रासाची नोंद वैद्यकाने एकोणिसाव्या शतकापासूनच घेतली आहे.

१८४८ मध्ये बेटावरून फ्रान्सला फक्त ५० किलो व्हॅनिला गेली. १८५८ मध्ये ती दोन टनांवर पोहोचली. १८९८ मध्ये निर्यात सुमारे २०० टन झाली आणि तीन शतके मक्तेदारी सांभाळणारा मेक्सिको मागे पडला. बूर्बों व्हॅनिला हे नाव जगभर झाले. मळेवाल्यांनी वाडे बांधले, व्यापाऱ्यांनी पेढ्या उघडल्या.

श्रेय कोणाचे?

संपत्ती आली तसे श्रेयाचे दावेदारही आले. बेटावरच्या वनस्पती उद्यानाशी संबंधित असलेला रिशार हा नामवंत वनस्पतिशास्त्रज्ञ पुढे आला. १८३८ मध्ये आपण बेटावरच्या काही बागायतदारांना ही रीत दाखवली होती, त्या वेळी हा मुलगा तिथे असावा आणि त्याने ती पाहिली असावी, असा त्याचा दावा होता. एका अशिक्षित गुलामापेक्षा एका शास्त्रज्ञावर विश्वास ठेवणे अनेकांना सोयीचे होते.

फेरेओल गप्प बसला नाही. रिशार त्याचा जुना मित्र होता, तरीही त्याने पत्रे लिहून एदमोंची बाजू मांडली. त्याचा मुद्दा साधा होता. ही रीत १८३८ मध्येच बेटावर माहीत झाली असती, तर मधली तीन वर्षे एकाही मळ्यात शेंग कशी दिसली नाही? सोन्याच्या भावाची वस्तू पिकवण्याची किल्ली हातात असताना कोण स्वस्थ बसेल? शिवाय एदमों आपल्या डोळ्यांसमोर वाढला, ती भेट घडली असती तर आपल्याला कळले असते, हेही त्याने नोंदवले. बेटाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी ही साक्ष जपून ठेवली, म्हणूनच एदमोंचे नाव आज आपल्यापर्यंत पोहोचले आहे. १८६० च्या दशकात छापलेले त्याचे एक चित्र उपलब्ध आहे. त्यात अंगात कोट घातलेला एदमों व्हॅनिलाच्या वेलीसह उभा दिसतो.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. एदमोंच्या बाजूने बोलणारा माणूस त्याचा मालक होता. त्याने या मुलाला वनस्पती शिकवल्या, त्याच्या कर्तृत्वाची ग्वाही दिली, आणि १८४१ नंतरही सात वर्षे त्याला गुलाम म्हणूनच ठेवले. माया आणि मालकी या दोन्ही गोष्टी त्या घरात एकत्र नांदत होत्या.

मुक्ती आणि नंतर

१८४८ मध्ये फ्रान्सने आपल्या वसाहतींतली गुलामगिरी रद्द केली. रियुनियन बेटावर २० डिसेंबर १८४८ रोजी साठ हजारांहून अधिक माणसे मुक्त झाली. मुक्त झालेल्यांना आडनावे देण्यात आली. एदमोंच्या वाट्याला अल्बियस हे आडनाव आले. लॅटिनमध्ये पांढऱ्या रंगाला जो शब्द आहे, त्यावरून ते आल्याचे मानले जाते. दुसऱ्या वर्षी फ्रान्सने नुकसानभरपाईचा कायदा केला. भरपाई मिळाली ती गुलाम गमावलेल्या मालकांना. पिढ्यान् पिढ्या फुकट राबलेल्यांना जमीन मिळाली नाही, पैसाही मिळाला नाही.

एकोणीस वर्षांचा एदमों बेटाची राजधानी सेंत देनी इथे गेला. व्हॅनिलाच्या पिकात त्याच्याइतका जाणकार माणूस जगात क्वचितच असेल, पण स्वतःची गुंठाभर जमीन नसलेल्याला त्या ज्ञानाचा काय उपयोग? एका लष्करी अधिकाऱ्याच्या घरी तो स्वयंपाकघरात कामाला लागला. तिथे दागिन्यांच्या चोरीच्या प्रकरणात तो दोषी ठरला आणि त्याला तुरुंगवासाची शिक्षा झाली. गावाकडच्या एका न्यायाधीशाने गव्हर्नरकडे दयेचा अर्ज केला. ज्या पिकावर आज बेट श्रीमंत होत आहे ते पीक या माणसामुळे उभे राहिले, याची आठवण त्याने करून दिली. शिक्षेत सूट मिळून एदमों मुदतीआधी सुटला.

तो सेंत सुझानला परतला. लग्न केले, पण पत्नी त्याच्याआधीच वारली. व्हॅनिलाच्या उत्पन्नातला काही वाटा किंवा निदान एखादे मानधन त्याला मिळावे म्हणून फेरेओल आणि आणखी काही जणांनी सरकारकडे खटपट केली. त्यातून काही निष्पन्न झाले नाही.

९ ऑगस्ट १८८० रोजी सेंत सुझानच्या सार्वजनिक रुग्णालयात एदमों अल्बियस मरण पावला. वय एक्कावन्न. ज्याने या वसाहतीला एवढे धन मिळवून दिले तो दारिद्र्यात गेला आणि त्याच्यासाठी मागितलेल्या मदतीला शेवटपर्यंत उत्तर मिळाले नाही, अशा आशयाची बातमी स्थानिक वर्तमानपत्राने छापली. ज्या गावात जन्म देताना त्याची आई गेली होती, त्याच गावात त्याचा शेवट झाला.

आजचा अंगठा

एदमों हयात असतानाच त्याच्या पिकाला प्रतिस्पर्धी निर्माण झाला होता. १८५८ मध्ये व्हॅनिलिन शेंगेतून शुद्ध रूपात वेगळे काढण्यात आले आणि १८७४ मध्ये जर्मनीतल्या दोन रसायनशास्त्रज्ञांनी ते पाइन वृक्षाच्या रसातल्या द्रव्यापासून तयार केले. आज बाजारातली बिस्किटे, केक, कस्टर्ड, आईस्क्रीम यांत जे व्हॅनिला असते ते बहुतांशी असेच कारखान्यात बनलेले व्हॅनिलिन असते. खऱ्या शेंगेचा त्यात अगदी थोडा वाटा असतो. पदार्थात वापरतात तेवढ्या प्रमाणात दोन्ही सुरक्षित आहेत. खऱ्या शेंगेत व्हॅनिलिनबरोबर इतर शेकडो द्रव्ये असतात, त्यामुळे तिचा स्वाद अधिक खोल लागतो. ती औषधी आहे, ताकद वाढवते, अशा समजुती जुन्या काळापासून आहेत, पण त्यांना भक्कम पुरावा नाही. व्हॅनिलाचा अर्क अल्कोहोलमध्ये काढलेला असतो, म्हणून त्याची बाटली लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये.

एदमोंची रीत रियुनियनहून मादागास्करला गेली आणि आज जगातली सर्वाधिक व्हॅनिला तिथे पिकते. २००० सालच्या चक्रीवादळाने तिथले पीक झोपवले तेव्हा भाव गगनाला भिडले. कर्नाटक-केरळात शेतकऱ्यांची व्हॅनिलासाठी झुंबड उडाली. कोकणातल्या सुपारीच्या बागांत आणि गोव्यातल्या कुळागरांतही काहींनी वेली चढवून पाहिल्या. तीन-चार वर्षांत भाव कोसळले आणि अनेकांनी वेली उपटून टाकल्या. ज्यांनी त्या ठेवल्या त्यांना कळून चुकले की या पिकात खरी गुंतवणूक पैशापेक्षा सकाळच्या वेळेची आणि चिकाटीची असते. हौस म्हणून एखादी वेल परसात किंवा गच्चीवरच्या सावलीत लावता येते. तीन वर्षे थांबायची तयारी, फुलण्याच्या हंगामात लवकर उठायची सवय आणि एक बारीक काडी एवढी सामग्री हवी.

मूळ जंगलातली व्हॅनिला मात्र संकटात आहे. जंगले घटली आहेत आणि रानटी व्हॅनिला आता धोक्यातल्या वनस्पतींच्या यादीत आहे. मळ्यातल्या एकसारख्या वेलींना रोगांपासून वाचवायचे तर लागणारी विविधता त्या रानवेलींमध्येच आहे.

सेंत सुझानमध्ये आता एदमों अल्बियसचे स्मारक आहे आणि बेटावर त्याच्या नावाची शाळा आहे, ज्याला शाळेचे तोंड पाहायला मिळाले नाही त्याच्या नावाची. यंत्रे आली, रसायने आली, पण व्हॅनिलाच्या फुलातला तो पडदा दूर सारायला पावणेदोनशे वर्षांनंतरही दुसरा सोपा उपाय सापडलेला नाही. मादागास्करच्या डोंगरात किंवा केरळातल्या एखाद्या बागेत आजही सकाळी कोणीतरी फूल हातात घेते, काडीने पडदा उचलते आणि अंगठा हलकेच दाबते. त्यातल्या बहुतेकांनी एदमोंचे नाव ऐकलेले नसते. त्याने शिकवलेले काम मात्र ते रोज, जसेच्या तसे, करत असतात.